अंगठ्याएवढी जागा

जांभळी नाक्याला, अडत्याच्या पायरीखाली
तीन फूट बाय दोन माझं दुकान.
नवरा गेला, तेव्हा कानस हातात घेतली.
कुलूप डोळ्यांनी नाही, कानांनी उघडतं,
एवढंच तो शिकवून गेला.

कार्तिकात हायम आवासकर आले टेंभी नाक्यावरून,
टोपी हातात, कपाळाला घाम.
"शेवंताबाई, हेखालची किल्ली हरवली.
आज शुक्रवार. दिवेलागणीच्या आत उघडायला हवं."

त्यांच्या सिनेगॉगचं नावच स्वर्गाचं दार.
दाराला चार खटक्यांचं जुनं कुलूप.
वर एक दिवा, म्हणे विझू देत नाहीत.
तिसरा खटका बोलला, मग चौथा,
आणि आत मखमल नेसून उभ्या पोथ्या,
लग्नाला निघालेल्या जावा-जावांसारख्या.
मूर्ती? मी विचारलं.
"मूर्ती नाही. नुसतं राहणं."

त्या राहण्याला नाव आहे, शेखिना,
आणि ती बाई आहे,
हे आवासकरांनी सांगितलं
शेजारणीबद्दल सांगावं तसं.
"आमचं मोठं मंदिर पडलं, तेव्हा ती मागे थांबली नाही.
लोक निघाले, तीही निघाली.
सवयच होती तिला. आधी तंबूतच असायची.
शेळीच्या केसांचे पडदे, खुंट्या, दोरखंड,
आज इथे, उद्या तिथे."
मी शंभर रुपये घेतले.
नको म्हणाले नाही.

तळ्यापलीकडच्या चर्चात गेले होते त्याआधी कधीतरी.
वेदीवरची पितळी पेटी, वीतभर दार.
रेमेडियसबाबनी पाद्रींना बोलावून आधी आतलं सगळं हलवलं,
मगच मला बोट लावू दिलं.
म्हणजे मी पाहिली ती रिकामीच.
आत पांढरं रेशीम, मेणाचा वास,
आणि इतकी शांतता की मी स्क्रू घसरू दिला नाही.
लाल दिवा तेवढा वेळ विझवून ठेवला होता.
घरात कोणी नाही, अशी ती खूण.

देवळाचं मात्र वेगळं.
गर्भ माझा शब्द, घरही माझाच शब्द,
दोन्ही जोडले की मी उंबऱ्याबाहेर.
पण कुलूप असतं बाहेरच्या अंगाला,
त्याला काय बाई अन् काय बुवा!
मी वाकून कान लावला. आत थेंब पडत होता,
थांबून, थांबून.
परशा गुरव मागून म्हणाला,
"हा गाभारा नुसता नकाशा आहे, मावशी.
खरा छातीत. अंगठ्याएवढी जागा,
आणि तेवढ्यात सगळं आकाश."

मी अंगठा पाहिला.
कानशीनं रेषा खाल्लेल्या, गुळगुळीत.

चैत्रात किसननगरच्या आमच्या इमारतीला लाल अक्षरं लागली.
धोकादायक. आठ दिवसांत खाली करा.
संक्रमण शिबिराच्या टेबलावर
पोरसवदा कारकून म्हणाला, अंगठा ठेवा.
ठेवला. मशीन म्हणालं, नाही.
पुसून ठेवला. नाही.
थुंकी लावून. तरी नाही.
"आजी, तुमचा ठसाच येत नाही."
मागे रांग चुळबुळली.
सगळं आकाश म्हणे मावतं यात,
आणि सरकारला तो दिसेना!

शेवटी डोळा दाखवून खोली मिळाली.
चौदावा मजला, सात नंबर, मानपाड्याकडे.
दाराला हलकं कुलूप, हेअरपिननं उघडेल असं.
तरी किल्ली फिरवण्याआधी मी कान लावला.
जुनी खोड.

खाली घोडबंदरचा रस्ता घोंघावत होता.
दाराच्या आत मात्र
चुन्याचा वास, आणि काहीच नाही.
ते काहीच नाही मला ओळखीचं वाटलं.

चपला बाहेर काढल्या.
मग काडेपेटी शोधत बसले,
ती बोचक्यात सगळ्यात खाली गेली होती.